लस टोचूनही लंपी आलाच, मग टोचायची कशाला?

खिलारवाला
मंडळी, गोठ्यात दोन जर्सी, एक एचएफ (होल्स्टिन) गाय, खिलारची जोडी आणि एक तीन महिन्यांची कालवड. मुक्काम मंगळवेढा तालुका. पोळ्याच्या आधी कालवड सोडून सगळ्यांना लंपीची लस टोचून घेतली. आठवडा होतोय न होतोय तोच एका जर्सीला ताप भरला. डोळ्यांतून, नाकातून पाणी. दुसऱ्या दिवशी मानेपासून पाठीपर्यंत गाठी, हात फिरवला की सुपारीएवढ्या कडक लागतात. पुढचा पाय सुजलाय, बसली की उठायला मागत नाही. बारा लिटरवरनं दूध तीनवर आलं. वैरणीला तोंड लावते आणि सोडून देते.

शेजारचे आप्पा म्हणतात, "लसीनंच रोग आणला. चांगल्या जनावराला सुई कशाला?" आता भावकीत कुणी टोचून घ्यायला तयार नाही.

तर प्रश्न असे. लसीनं लंपी होतो का? होत नसंल तर टोचल्यावर का झाला? आणि राहिलेल्या कालवडीला टोचू का नको? पत्रकातलं उत्तर माझ्याकडं आहे, गोठ्यातलं पाहिजे.

भुईमूग
आमच्याकडं पण सेम. वाचतोय.

तिरकमठा
सगळा लसवाल्यांचा धंदा आहे. २०२२ ला गावच्या गाव टोचलं, तरी जनावरं मेलीच ना?

गोठ्यातला_डॉक्टर
@तिरकमठा, २०२२ ची लस महाराष्ट्रात फुकट टोचली होती. धंदा झालाच असेल तर फार तोट्यातला झाला.

@खिलारवाला, खाजगी प्रॅक्टिस करतो, लातूरकडे. हा प्रश्न पावसाळ्यात रोज येतो.

लस टोचली म्हणजे त्याच संध्याकाळी संरक्षण सुरू झालं असं नसतं. शरीराने तो विषाणू ओळखायचा, त्याच्याविरुद्धच्या पेशी वाढवायच्या, प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करायची. याला दहा-बारा दिवस तरी जातात आणि भरवशाचं संरक्षण यायला तीन आठवडे धरायचे. दुसरीकडे लंपीचा विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत एक-दोन आठवडे जातात, कधी त्याहून जास्त. तुमच्या गायीला आठवड्याच्या आतच ताप आला, म्हणजे सुई लागली त्या दिवशी विषाणू बहुधा आत पोचलेला होता. तो माशीने, डासाने किंवा गोचिडाने आधीच आणून सोडला.

लसीने काहीच होत नाही असंही मी म्हणणार नाही. टोचलेल्या जागी सूज येते, दिवस-दोन दिवस ताप येतो, दूध थोडं कमी होतं. क्वचित चार-दोन बारक्या गाठी येऊन जिरतात. पण अंगभर गाठी, पाय सुजणं, दूध पाव हिश्शावर येणं ही लसीची लक्षणं नाहीत. हा खरा लंपी आहे.

आता एक नाजूक प्रश्न. टोचताना प्रत्येक जनावराला सुई बदलली होती का?

खिलारवाला
नाही. गल्लीतली सगळी जनावरं एकाच सुईनं झाली. आमच्या आधी ज्यांच्याकडं टोचलं, त्यांची एक गाय तेव्हाच पेंगत होती. कुणाचं नाव घेत नाही.

गोठ्यातला_डॉक्टर
हे फार वाईट. आजारी जनावराच्या अंगातून निघालेली सुई तशीच पुढच्याला टोचली तर तिच्याबरोबर विषाणूही जाऊ शकतो. म्हणजे आप्पांच्या बोलण्यात थोडं तथ्य निघू शकतं, पण दोष लसीचा नाही, सुईचा. पुढच्या वेळी सुयांचा डबा स्वतः विकत आणून हातात द्या. मेडिकलवाल्याकडे मिळतो, फार महाग नाही. आणि आजारी जनावर असलेल्या गोठ्यातून थेट तुमच्याकडे कुणी येत असेल तर आधी हात-बूट धुवायला लावा. राग येईल त्यांना, येऊ दे.

शेळीवाली_अक्का
आमच्याकडं गायींना शेळीच्या देवीची लस टोचली होती २०२२ ला. तेव्हापासून डोक्यात आहे, शेळीची लस गायीला लागू कशी पडते? आणि माझ्या शेळ्यांना गायीचा लंपी होईल का?

पेशीवाली
या धाग्यावर माझा विषय निघाला एकदाचा. (विषाणूंवर काम करते, गोठ्यात फक्त नमुने घ्यायला जाते. शेण कुठलं ते ओळखता येतं, एवढीच पात्रता.)

अक्का, शेळ्यांची देवी, मेंढ्यांची देवी आणि लंपी या तिघांचे विषाणू सख्खे चुलत भाऊ. एकाची ओळख पटली की शरीर दुसऱ्यालाही बऱ्यापैकी ओळखतं. माणसाच्या देवीच्या लसीचा जन्मही असाच झाला. १७९६ मध्ये जेन्नरने गोस्तन देवीतला द्रव एका मुलाला टोचला आणि त्याला माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळालं. पण चुलत तो चुलतच. शेळीच्या लसीने साथ आणि मरतूक कमी होते, मात्र लंपीच्याच विषाणूपासून केलेल्या लसीइतकी ती पक्की नाही. तशी लसही आपल्याकडे झाली आहे. २०१९ च्या साथीत रांचीत सापडलेला विषाणू हिसार आणि इज्जतनगरच्या संशोधन संस्थांनी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून मवाळ केला. ऑगस्ट २०२२ मध्ये ती लस जाहीर झाली, नाव 'लंपी-प्रोव्हॅक'. पुण्यात औंधला जनावरांच्या लसी बनवणारी सरकारी संस्था आहे, तिच्याकडेही हे तंत्रज्ञान आलं.

तुमच्या शेळ्यांना गायीच्या लंपीची धास्ती नको. हा रोग गायीचा, थोडाफार म्हशीचा. माणसाला तर होतच नाही, दूध उकळून निर्धास्त प्या.

आणखी एक. कुणीतरी आता "प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या" म्हणेल, म्हणून आधीच सांगते. या कुळातल्या विषाणूंविरुद्ध पेशींची लढाई महत्त्वाची असते. टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारतात. त्यामुळे लस घेतलेल्या गायीच्या रक्तात प्रतिपिंडं जेमतेम सापडली तरी ती सुरक्षित असू शकते. रिपोर्टात आकडा कमी दिसला म्हणून रडायचं कारण नाही.

भुईमूग
मी तपासणीचं विचारणारच होतो, टाइप करत होतो :)

काळी_रान
डॉक्टर लोक नेहमी म्हणतात, विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. मागच्या वर्षी माझ्या गायीला ऑक्सिटेट्रासायक्लिन दिलं आणि ती चार दिवसांत उभी राहिली. आता बोला.

गोठ्यातला_डॉक्टर
बोलतो. लंपीच्या विषाणूला त्या औषधाने काही होत नाही, पण गाय नुसत्या विषाणूने मरते कुठे? गाठ पिकते, खपली निघाली की बोटभर खोल खड्डा पडतो. त्यात जिवाणू शिरतात, माशी अंडी घालते, अळ्या पडतात. काहींच्या फुप्फुसात जिवाणू उतरतात, काहींची कास सुजते. विषाणूशी लढून प्रतिकारशक्ती आधीच दमलेली असते, तिथे जिवाणूंचं फावतं. तुमच्या औषधाने हे दुसरे पाहुणे हाकलले. पहिल्याला गायीच्या शरीरानेच हाकललं, तेवढं श्रेय तिला द्या. आणि ते इंजेक्शन दिल्यावर बाटलीवर लिहिलेत तितके दिवस दूध डेअरीला घालू नका.

खपल्या उकिरड्यावर टाकू नका, जाळा किंवा पुरा. वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभर सहज तग धरतो.

हिरवी_वाट
आमच्याकडे विड्याची दहा पानं, दहा ग्रॅम मिरी, दहा ग्रॅम मीठ वाटून गुळातून चाटवतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेच सांगितलेला पाठ आहे. जखमेला हळद, लसूण, कडुनिंब, तुळस, मेंदी तेलात कढवून. अळ्या पडल्या तर सीताफळाचा पाला. रसायनाशिवाय बरी होतात जनावरं.

गोठ्यातला_डॉक्टर
जरूर करा, माझी हरकत नाही. गाय चाटते, जखम स्वच्छ राहते, माशी कमी बसते. फक्त लसीऐवजी नको.

तिरकमठा
म्हणजे शेवटी लसच. पुढील लेखनास शुभेच्छा.

रोनकाठी
जरा लांबून लिहितो. मी ल्योनला असतो. जून २०२५ च्या शेवटी इथून जवळच, सावोआ भागात लंपी आला. फ्रान्सच्या इतिहासात पहिल्यांदा. त्याच्या आठवडाभर आधी इटलीत सार्डिनियात. इथला नियम असा, की कळपातल्या एका गायीला निघाला तर अख्खा कळप मारायचा. आजूबाजूच्या पट्ट्यात लस सक्तीची. जुलैत टूर द फ्रान्स सायकल शर्यतीच्या एकोणिसाव्या टप्प्यातून सेझीचा घाट गाळला, कारण घाटाजवळच्या कळपात लंपी सापडला होता. १२९.९ किलोमीटरचा टप्पा साधारण ९५ वर आला.

वर्षाच्या शेवटी दक्षिणेत शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं होतं, लस आहे तर टोचा, पिढ्यांपिढ्या जपलेल्या गायी का मारता? माझ्या ओळखीच्या एका चीजवाल्याने मला विचारलं, तुमच्या भारतात काय करतात? सांगितलं, आमच्याकडे गाय मारत नाहीत, टोचतात आणि वेगळी बांधतात. तो गप्प झाला. हेवा होता की कीव, कळलं नाही.

वळू_नंबर_१
तिकडं सायकली वळवल्या, इकडं आमचे बैलगाडे बंद पडले होते. डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतीला परवानगी दिली, आम्ही बैल खुराकाला लावले, आणि २०२२ च्या पावसाळ्यात लंपी. बाजार बंद, शर्यती बंद. नशीबच गाड्याखाली आलं.

आजोबा_सातारकर
@रोनकाठी, कळप मारण्यामागे त्यांचंही गणित आहे. जिथे रोग नवा असतो तिथे मुळातच उपटायचा प्रयत्न करतात. आपल्याकडे तो २०१९ ला ओडिशात शिरला आणि आता ठाण मांडून आहे, इथे मारून संपणार नाही. बाल्कन देशांत २०१५-१६ ला आला तेव्हा लाखो जनावरं टोचून त्यांनी आटोक्यात आणला, हेही लक्षात ठेवा.

तरुणांना बुळकांडी माहीत नसेल. आमच्या वडिलांच्या तोंडी हा शब्द आला की घरातल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. ताप, तोंडात फोड, मग पाण्यासारखं हगवण, आठवड्यात दावण रिकामी. या रोगापायीच सरकारने १८८९ ला पुण्यात जिवाणू प्रयोगशाळा काढली. पुढे १८९३ ला ती कुमाऊंत मुक्तेश्वरला हलवली, तीच आजची इज्जतनगरची संस्था. भारतातली बुळकांडीची शेवटची साथ १९९५ ची. २०११ ला जगातून हा रोग गेल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर लसीने पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. लसीला धंदा म्हणणाऱ्यांनी आपल्या आजोबांना विचारावं. आजोबा नसतील तर मी आहे.

खिलारवाला
आजोबा, मग लाळ्या खुरकूत का जात नाही? सहा-सहा महिन्याला टोचतो.

पेशीवाली
मस्त प्रश्न. बुळकांडीच्या विषाणूचा प्रकार एकच होता. एक लस सगळ्यांना पुरायची, एकदा टोचली की जवळजवळ जन्मभर, आणि बरं झालेलं जनावर विषाणू बाळगून फिरत नसे. लाळ्या खुरकुताचे जगात सात प्रकार. आपल्याकडच्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ असे तीन घालावे लागतात, आणि एका प्रकाराची ओळख दुसऱ्याला चालत नाही. शिवाय ती लस मेलेल्या विषाणूची. मेलेला विषाणू शरीरात वाढत नाही, त्यामुळे आठवण लवकर पुसट होते. लंपीची लस जिवंत पण मवाळ विषाणूची, म्हणून ती वर्षभर टिकते.

बरं झालेलं जनावर तर लाळ्या खुरकुताचा विषाणू महिनोन्महिने घशात लपवू शकतं. असा रोग हुडकून संपवणं महाकठीण.

काळी_रान
आणि फऱ्या? तो जिवाणूचा ना? आमच्या दावणीतला सगळ्यात तगडा खोंड गेला त्याने. सकाळी लंगडत होता, मांडीवर सूज, दाबली की आतून करकर आवाज. संध्याकाळी संपला.

गोठ्यातला_डॉक्टर
हो, जिवाणू, आणि तो मातीत बीजाणू करून वर्षानुवर्षं बसतो. तगडी, अंगावर मांस चढलेली तरुण जनावरंच जास्त धरतो. करकर म्हणजे जिवाणूने स्नायूत केलेला वायू. तो इतका झपाट्याने विष सोडतो की प्रतिकारशक्ती जागी होईपर्यंत खेळ संपलेला असतो. म्हणून फऱ्या आणि घटसर्पाची लस पावसाळ्याआधी. मे महिन्यात टोचा, जुलैत गावात मेल्यावर नाही. आणि मेलेल्या जनावराचं कातडं सोलू नका.

अंडेवाला
आमच्या कोंबड्यांचं कुणी विचारतच नाही. गंबोरो रोगाचं ऐका. हा विषाणू पिल्लाच्या बर्सा नावाच्या अवयवावरच बसतो. कोंबडीच्या प्रतिपिंडं करणाऱ्या पेशी तिथेच शिकून तयार होतात. शाळाच जाळली म्हणा ना! मग राणीखेत या दुसऱ्या रोगाची लस कितीही भारी आणा, उपयोग शून्य. गंबोरोची लस पाण्यातून देतो, पाण्यात क्लोरीन असेल तर लस मरते, म्हणून दुधाची पावडर घालतो. पण खरी मेख वेळेची. आईकडून अंड्यातून आलेली प्रतिपिंडं पिल्लात असेपर्यंत लस दिली तर ती लसीलाच शत्रू समजून मारतात. उशीर केला तर खरा गंबोरो येतो. मधला दिवस गाठायचा.

गोठ्यातला_डॉक्टर
@अंडेवाला, तुम्ही नकळत खिलारवाल्यांच्या कालवडीचं उत्तर दिलंत. गाय आणि कोंबडीत फरक एवढाच, की गायीच्या वासराला पोटात असताना आईकडून प्रतिपिंडं मिळत नाहीत. वार, म्हणजे पोटातल्या वासराला पोसणारा पडदा, ती पलीकडे जाऊ देत नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात आईची प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच, जे मिळतं ते चिकातून.

@खिलारवाला, कालवडीची आई कोणती? ती व्यायच्या आधी टोचली होती का, किंवा तिला लंपी होऊन गेला होता का? आणि चीक कधी पाजला?

खिलारवाला
आई म्हणजे एचएफ. गाभण असताना बाजारातनं आणली, आधीचं काही माहीत नाही. चीक... आमच्या आईच्या मते वार पडल्याशिवाय वासराला लावायचं नसतं. पण ती त्या दिवशी बहिणीकडं गेली होती, म्हणून मी लगेच पाजला.

गोठ्यातला_डॉक्टर
मावशींचे आभार माना! वार पडेपर्यंत उपाशी ठेवलेली किती वासरं हगवणीने जाताना बघितली आहेत. वासराच्या आतड्यातून प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी रक्तात जातात ती पहिला दिवसभरच, आणि त्यातही पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. नंतर ते दार बंद. तीस किलोच्या वासराला तीन लिटर चीक, पहिल्या तासाभरात सुरुवात करून. उलट वासरू ओढायला लागलं की वार पडायला मदतच होते.

दादरची_माई
मी इथे चुकून आले, "चीक" शोधत होते. म्हणजे आम्ही खरवस खातो तो वासराच्या तोंडचा घास?

पेशीवाली
माई, एचएफ गायीला पहिल्या दिवशी वासराला पुरून उरेल एवढा चीक असतो, उरलेला खा की. देशी गाय असेल तर आधी वासरू. एक गंमत सांगू? पहिल्या धारेचा खरवस सुरीने कापावा इतका घट्ट होतो ना, तो ज्या प्रथिनांमुळे, त्यात मोठा वाटा प्रतिपिंडांचाच असतो. उष्णतेने ती साखळतात. तिसऱ्या दिवसाचा चीक नुसता जमत नाही, कारण तेव्हा ती फारशी उरलेली नसतात.

दादरची_माई
आता वेलची घालताना हात थरथरणार माझा. पण खाणार.

वळू_नंबर_१
धाग्याचा खरवस झाला. +१

खिलारवाला
डॉक्टर, कालवडीचं राहिलं.

गोठ्यातला_डॉक्टर
राहिलं नाही. एचएफच्या कानात पिवळा बिल्ला आहे का? बारा आकडी नंबर असतो. दवाखान्यात 'भारत पशुधन' या सरकारी नोंदणीवर तो टाकला की आधी कोणत्या लसी झाल्या ते दिसतं, नोंद केली असेल तर. आई गाभण असताना किंवा त्याआधी वर्षभरात टोचलेली निघाली तर कालवडीत चिकातून आलेलं संरक्षण अजून असेल. आता टोचलं तर लस वाया जाईल. चौथा महिना पुरा होऊ द्या, मग टोचा. आई कधीच टोचलेली नसेल आणि तिला लंपीही झालेला नसेल, तर कालवड आत्ता उघडी आहे. शेजारी साथ आहे, थांबू नका, तुमच्या डॉक्टरांशी बोलून टोचून घ्या. नवी सुई.

आजारी जर्सी गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, तिची बादली वेगळी, धार सगळ्यात शेवटी काढा. ताप उतरवायला मेलॉक्सिकॅम मागा. कुणी डायक्लोफेनॅक काढलं तर नको म्हणा. २००६ पासून जनावरांना त्यावर बंदी आहे, मेलेलं जनावर गिधाडाने खाल्लं की गिधाड मरतं.

खिलारवाला
आज जाऊन आलो. बिल्ल्यावर नोंद निघाली, मागच्या श्रावणात लंपीची लस झालेली. म्हणजे गाभण राहायच्या सुमारास. कालवडीचा चौथा महिना दिवाळीच्या आसपास भरतो, तेव्हा टोचतो. जर्सी आज वैरण खायला लागली, पायाची सूज आहे अजून. गोठ्यात रोज कडुनिंबाचा धूर करतो, माशा कमी आहेत. गोचिडाचं औषध उद्या मारतो.

भुईमूग
आमच्या गायीच्या कानातला बिल्ला झुडपात अडकून तुटला. नंबर पाठ नाही. आता नोंद कशी बघायची?

गोठ्यातला_डॉक्टर
विमा काढला असेल तर पॉलिसीवर नंबर असतो. नाहीतर आधी टोचलं तेव्हाची पावती शोधा. काहीच नसेल तर नवा बिल्ला मारून घ्या आणि लस झाली नाही असं धरून चाला. दुसऱ्यांदा टोचल्याने गायीचं काही बिघडत नाही.